छावणीतल्या कॅन्टीनची द्वारकाबाई

द्वारकाबाई, तुझ्या तेरवीला मी लोणारला पोचले तेव्हा शेवटची पंगत उठत आली होती. मेहकरला गाडी चुकली आणि दोन तास स्टँडवर बसून काढावे लागले. तुझ्या अंगणात पाय ठेवला आणि वाटलं, आता आतून आवाज येणार, "सिंधू, जेवायला तरी वेळेवर यावं माणसानं." आवाज काही आला नाही. तुझ्या थोरल्या सुनेनं पान वाढलं, मी खाली मान घालून जेवले. वरण अगदी तुझ्या हातचं झालं होतं, हिंग जरा जास्तच पडलेलं. मनात म्हटलं, बाई, एवढं तरी घरात ठेवून गेलीस.

तिसऱ्या प्रहरी भाऊजींनी, म्हणजे तुझ्या मालकांनी, मला ओसरीवर बोलावून एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं मनातल्या मनात तुझ्याशी बोलणं चालू आहे. वडनेरला परत येऊन आठ दिवस झाले. मेथीच्या जुड्या बांधताना, वाफ्यात पाणी सोडताना मी तुझ्याशीच बोलत असते, आणि घरची माणसं मला दोन-दोनदा हाका मारतात. म्हणून आज कागद घेऊन बसले.

तू माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. तरी मी तुला पहिल्यापासून 'तू'च म्हणत आले. आमच्याकडे आईला, थोरल्या बहिणीला आणि देवाला तूच म्हणतात. तू या तिघांतली नेमकी कोण, हे मी कधी ठरवलं नाही.

आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण चीनच्या लढाईनंतर आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात, हमरस्त्याला लागून, काही वर्षं लष्कराची छावणी होती. पत्र्याच्या बराकी, भोवती काटेरी तार, फाटकाशी बंदूकवाला जवान. लांबून येणाऱ्या लष्करी मोटारी तिथं थांबायच्या, तेल-पाणी घेऊन पुढं जायच्या. मोटारी दुरुस्त करणारे, चालवणारे जवान तिथंच राहायचे, आणि त्यांच्यातल्या पंचवीस-तीस जणांची बिऱ्हाडंही होती. भाऊजी त्यांच्यातले एक मोटार चालवणारे, आणि तू लोणारची, दुकानदाराची मुलगी, सातवी पास. म्हणून साहेबांनी छावणीचं कॅन्टीन तुझ्या हाती दिलं.

आमची भाजी त्या छावणीत जायची. वांगी, मेथी, हिरवी मिरची. बैलगाडी हे हाकायचे आणि मी मागं बसायचे. एके दिवशी मी तिथल्या स्वयंपाक्याला भाजीचं वजन कागदावर लिहून देत होते, तर तू पाठीमागून वाकून पाहिलंस.

"अक्षर कुणाचं?"

"माह्यं."

"किती शिकलीस?"

"सातवी."

"मग मिरच्या कामून मोजायलीस इथं?"

तुझी बोली जालन्याकडची. तू 'कामून' म्हणायचीस, मी 'काऊन'. यावरून आपण पुढं किती वर्षं एकमेकींना चिडवलं. पण त्या दिवशी मी कागद स्वयंपाक्याच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात तूच आमच्या घरी येऊन थडकलीस आणि माझ्या सासूबाईंना म्हणालीस की तुमची सून कॅन्टीनला कामाला द्या.

सासूबाईंना कॅन्टीन म्हणजे चहाचं हॉटेल वाटलं. "आमची सून मिलिट्रीवाल्यायले चहा वाटाले जाईन काय?" असं त्यांनी तोंडावरच विचारलं. तू हसलीस. ओट्यावर मांडी घालून बसलीस, ठेचा-भाकर मागून घेतलीस आणि खाता खाता समजावून सांगितलंस की ते फौजेच्या माणसांचं दुकान असतं, तिथं साबण, तेल, बिस्किटं, लोकर मिळते, आणि गिऱ्हाईक बहुतेक बायाच असतात. मग म्हणालीस, "मावशी, सकाळी मी हिला घेऊन जाईन अन् दिवे लागायच्या आत आणून सोडीन. कुणी वाकडं बोललं तर आधी माझ्याशी गाठ हाये." सासूबाईंनी तुझ्या मनगटाकडे पाहिलं. चांगलं पैलवानासारखं मनगट तुझं. त्या म्हणाल्या, "ने बाप्पा."

ते दिवस आठवले की अजून मला साबणाचा वास येतो. लाकडी खोका उघडला की वर मेणकागद, त्याखाली पेंढा, आणि पेंढ्यात हात घातला की काय लागेल सांगता यायचं नाही. कधी दाढीची पाती, कधी टाल्कम पावडर, कधी बुटाचं पॉलिश. गावात आम्ही साबणाची एक वडी चार तुकडे करून वापरणारी माणसं, आणि इथं भिंतीसारख्या वड्या रचायच्या. मी रचताना एकेक वडी हुंगायचे. तू म्हणायचीस, "हुंग, पण नाक लावू नको. गिऱ्हाइकाच्या तोंडाला लागायचाय तो."

गिऱ्हाइकं तरी कशी! एक मद्रासकडची बाई होती, तिला ना मराठी यायचं ना हिंदी. ती दोन्ही हात डोक्यावर चोळून दाखवायची, म्हणजे खोबरेल. पोटावर हात फिरवायची, म्हणजे ओवा हवाय. एकदा तिनं दोन्ही हातांनी कान धरले. आपण तिला कापूस दाखवला, मग लोकरीची टोपी, मग झुमके नाहीत म्हणून सांगितलं. शेवटी कळलं की ती काल चुकीची पिशवी घेऊन गेली होती आणि माफी मागत होती. तू एवढी हसलीस की स्टुलावरून घसरून खाली बसलीस. ती बाईही हसायला लागली. त्या दिवसापासून ती खरेदीला आली की आधी कान धरायची.

आणि तो गढवालकडचा जवान. दोन वर्षांनी सुट्टी मिळाली होती, आईसाठी काय न्यावं ते त्याला सुचत नव्हतं. अर्धा तास फळीसमोर उभा. मी म्हटलं, पावडरचा डबा दे याला, सुटेल एकदाचा. तू मला गप्प केलंस आणि त्याला विचारलंस, "माँ सुबह उठके पहले क्या करती?" तो म्हणाला, गाईचं दूध काढते, थंडीत बोटं वाकत नाहीत तिची. तू लोकरीचे दोन गुंडे काढलेस, दुपारच्या सुट्टीत बसून हातमोजे विणायला घेतलेस, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या आधी त्याला नेऊन दिलेस. बोटं अर्धी उघडी ठेवली होतीस, दूध काढता यावं म्हणून. दुकानदारी अशी असते हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीला साहेबांनी कॅन्टीनच्या कामकऱ्यांना एकेक वस्तू विकत घ्यायची परवानगी दिली. वर्षातून एकदाच. मी तीन दिवस विचार करून थर्मास घेतला, लाल रंगाचा. सकाळी चहा भरून मळ्यात पाठवला तर दुपारी ह्यांनी वाफाळता प्यायला. सासूबाईंचा त्या थर्मासवर विश्वास बसेना. "सकाळचा चहा दुपारी गरम, म्हंजे त्याच्यात काहीतरी अघोरी हाय," म्हणायच्या. पुढं त्या स्वतःच मळ्यात निघाल्या की आधी थर्मास काखेत मारायच्या.

पण तुझा एक कायदा होता, आणि तो काही केल्या वाकायचा नाही. कॅन्टीनच्या कार्डावर नाव असेल त्यालाच माल. गावातल्या एका बड्या घरच्या बाई एकदा बैलांच्या दमणीतून आल्या, साबणाच्या चार वड्या मागायला. तू उठून उभी राहिलीस, त्यांना पाणी दिलंस, खुशाली विचारलीस आणि हात जोडून म्हणालीस, "फौजेचा माल फौजेच्या घरी. मला माफ करा." त्या रागानं निघून गेल्या. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. तोच कायदा आपल्या दारात येईल असं मला काय ठाऊक.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि नवव्या दिवशी तापानं गेली. मागं राहिली ती मंदा, मुठीएवढी. सासूबाई कापडाची वात शेळीच्या दुधात बुडवून तिच्या तोंडाला लावायच्या, आणि ते दूध तिला पचायचं नाही. हगवण थांबेना. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान मुलांच्या दुधाची भुकटी मिळाली तर बघा. माझ्या दिरानं नांदुरा पालथं घातलं, मलकापूर पालथं घातलं, खामगावलाही माणूस धाडला. कुठंच डबा मिळाला नाही. आणि मी रोज सकाळी कॅन्टीनच्या तिसऱ्या फळीवरचे ते डबे फडक्यानं पुसत होते.

मी तुला विचारलं नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं. पण डोळ्यांपुढं ती दमणीतली बाई यायची, आणि वाटायचं, ही हात जोडेल आणि नाही म्हणेल. मग मी कुणाकडं जाऊ? संध्याकाळी तू मागच्या खोलीत खोके मोजत होतीस. मी दोन डबे भाजीच्या टोपलीत घातले, त्यावर गोणपाट, त्यावर मेथी. पगार झाला की किंमत भरीन असं मनात होतं. पण मनातलं कुणाला दिसतं?

त्या संध्याकाळी मंदानं दूध पोटात ठेवलं. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी छावणीत मालाची तपासणी निघाली. मी कामावर गेले तर तू दारातच उभी.

"सिंधू, दुधाचे दोन डबे कुठं हायेत?"

"कोणते डबे?"

"मला फसवू नको. कालपासून तुझं तोंड बघायलेय मी."

मग माझा बांध फुटला. "घरात लेकरू मरून राह्यलं वो बाई, अन् तुले डब्याचं पडलं?"

"मला विचारलं कामून नाहीस?"

"तू नाहीच म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं. अन् त्याच पावली साहेबाकडं गेले असते विचारायला." तू माझा दंड धरलास. "आता ऐक. चार वाजेपर्यंत तू स्वतः साहेबाकडं जा अन् सांग. नाही गेलीस तर मी सांगीन."

मी गेले नाही. भीतीनं म्हण, हट्टानं म्हण. दिवसभर आपण एकमेकींशी बोललो नाही. खोके उचलायला रोज येणारा सखारामबुवा त्या दिवशी दिसला नव्हता, तेवढं मला आठवतं. आजारी असेल असं वाटलं आणि मी विसरून गेले. चार वाजले. तू पदर सारखा केलास आणि मैदान ओलांडून साहेबांच्या कचेरीकडे चालू लागलीस. मी खिडकीतून पाहत होते. तुझी चाल हळू नव्हती की घाईची नव्हती. त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

परत आलीस ती म्हणालीस, "सांगितलं. घरी जा आता."

कचेरीत काय झालं ते मला पुढं तिथल्या कारकुनानं सांगितलं. साहेबांनी तुलाच विचारलं की काय करावं. तू म्हणालीस, "तिला कामावरून काढा, अन् लेकराला दूध द्या." एका दमात दोन्ही. साहेबांनी दोन्ही केलं. छावणीच्या दवाखान्यातून मंदाच्या नावानं दूध सुरू झालं, आणि माझं काम गेलं.

त्यानंतर दर गुरुवारी तू डबा घेऊन आमच्या घरी यायचीस. मी परसात जाऊन बसायचे. तू सासूबाईंना शिकवायचीस, पाणी आधी उकळायचं, मग कोमट होऊ द्यायचं, चमचा सपाट भरायचा, शीग नको. वाटी-चमचा रोज उकळून घ्यायचा. सासूबाई तुझं सगळं ऐकायच्या, माझं त्यांनी कधी एवढं ऐकलं नव्हतं. मला मागून तुमचं बोलणं ऐकू यायचं. तू एकदाही 'सिंधू कुठं आहे' असं विचारलं नाहीस. त्याचाही मला राग यायचा.

दोन महिने असेच गेले. एका गुरुवारी मंदा तुझ्या मांडीवर होती आणि तिनं भडाभडा तुझ्या नव्या लुगड्यावर दूध ओकलं. सासूबाई "अरे देवा" करत धावल्या. तू शांतपणे म्हणालीस, "ओकू द्या, मावशी. आता ही जास्तीचं पिऊन ओकायलीय. म्हणजे पोट भरलंय." दाराआड मला हसू फुटलं. तू मान न वळवता म्हणालीस, "हसायलीस ना? मग बाहेर ये."

मी बाहेर आले. तू मंदाला माझ्या हातात दिलंस. "उद्यापासून कामाला ये. साहेबांना विचारलंय मी. माझ्याच्यानं एकटीनं होत नाही."

तू माफी मागितली नाहीस, मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मी आले आणि आपण साबणाचा खोका उघडायला घेतला.

पुढची तीन वर्षं मी तुझ्याजवळ काम केलं. मग एक दिवस छावणी हलली. पत्रे निघाले, खांब निघाले, तार गुंडाळली गेली. पुढच्या पावसाळ्यात तिथं ज्वारी उभी राहिली. भाऊजींनी निवृत्ती घेतली आणि तुम्ही लोणारला गेलात. वर्षातून एकदा तू तरी यायचीस, नाहीतर मी यायचे. लोणारला आले की आपण सरोवराच्या कडेला जाऊन बसायचो, खारट वास घेत, शेंगा फोडत. आणि शेंगा संपत आल्या की मी ठरलेलं भांडण काढायचेच.

"तू माह्यी तक्रार केली."

"केली. पुन्हा करीन."

"एक दिवस थांबली असती त कोणाचं काय बिघडलं असतं?"

इथं आलो की तू टरफलं पदरात गोळा करायचीस आणि म्हणायचीस, "चल, ऊन उतरलं." मला वाटायचं, हिच्याकडे उत्तर नाही. दरवर्षी मी जिंकून घरी यायचे.

तेरवीच्या दिवशी भाऊजींनी मला उत्तर दिलं.

मालाची तपासणी निघाली त्या दिवशी सकाळपासून सखारामबुवा कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात बसून होता. आदल्या संध्याकाळी कॅन्टीन झाडून कुलूप लावणारा तोच, म्हणून दोन डब्यांचा संशय त्याच्यावर गेला. "मले काही माहीत नाही," एवढंच तो म्हणत होता. त्याला संध्याकाळी पोलिसांकडे न्यायचं ठरलं होतं, आणि गाडी काढायला भाऊजींनाच सांगितलं होतं. तू चार वाजता कचेरीत गेलीस तेव्हा तो तिथं बसलेला तुला दिसला. तुलाही तोवर ठाऊक नव्हतं. तू सांगितलंस म्हणून तो सुटला. बाहेर आल्यावर भाऊजींच्या देखत त्यानं तुला हात जोडले आणि म्हणाला, "पोरीले हे सांगू नका, बाई. तिले उगाच लागून राहीन. लेकराच्या दुधाले असं काही चिकटू नये." तू त्याला शब्द दिलास.

"तिनं शब्द दिला होता," भाऊजी म्हणाले. "मी दिला नव्हता. म्हणून सांगून टाकलं."

द्वारकाबाई, बारा वर्षं. दरवर्षी मी तुला तोच प्रश्न विचारला, आणि तुझ्याजवळ उत्तर होतं. एका वाक्यात तू मला गप्प करू शकली असतीस. ते वाक्य बोलली असतीस तर मी उरलेलं आयुष्य सखारामबुवाला पाहून मान खाली घातली असती. म्हणून तू भांडण हरत राहिलीस. लोणारहून येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी रडले, आणि रडता रडता तुला शिव्याही दिल्या. मेहकर ते खामगाव तेवढंच केलं.

वडनेरला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सखारामबुवाकडे गेले. तो आता थकला आहे. दारात बाजेवर बसून सुतळी वळत होता. बारा वर्षं कधीही भेटला की राम राम म्हणायचा, मंदा कशी आहे विचारायचा. यापलीकडे काही नाही. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. डबे मी घेतले, तुम्हाला तिथं बसावं लागलं, आणि मला हे आता कळलं.

तो सुतळी वळतच राहिला. "मले माहीत होतं."

"काय?"

"डबे तू नेले ते. मी झाडून राह्यलो होतो, पाह्यलं मी. तू वरतून मेथी ठेवली, ते बी उलटी, मुळं वर. भाजी विकणारी बाई अशी मेथी ठेवत असते काय?"

"मंग बोलले काऊन नाही, बुवा?"

"काय बोलू? लेकराचं दूध होतं ते."

"पोलिसायकडे नेलं असतं तुमाले."

"नेलं असतं त नेलं असतं. पोलिसायच्या बी घरी लेकरं राह्यतात. तिथं सांगितलं असतं काहीतरी." मग सुतळी बाजूला ठेवून म्हणाला, "बाई मात्र खमकी होती. साहेबाच्या पुढं उभी राह्यली अन् पह्यले मले पाणी पाजाले सांगितलं. मंग तुह्यं नाव घेतलं."

मी हात जोडायला गेले तर त्यानं माझे हात खाली केले. मला त्याच्यापुढं काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. लाज वाटली, आणि मोकळंही वाटलं. मी एकटीनं त्या लेकराला वाचवलं असं इतकी वर्षं मनात कुठंतरी धरून होते. तसं नव्हतं. तीन माणसं होती, आणि माझ्या वाट्याला त्यातलं सगळ्यात सोपं काम आलं होतं.

तुला एक सांगायचं राहिलं. दुधासाठी मी तुला कधी आभाराचे दोन शब्द बोलले नाही. तू गुरुवारी आलीस की परसात बसले, आणि नंतर बोलण्यासारखं झालं तेव्हा भांडण काढलं. आता सांगते, तुझ्यामुळं ती जगली. तू म्हणायचीस तसं मी आधी विचारायला हवं होतं का? हवं होतं. आज तशीच वेळ आली तर विचारीन का, याचं उत्तर मात्र छातीठोक देता येत नाही. समोर तुझ्यासारखी कुणी असेल तर विचारीन. तू पुढं काय करतेस ते मी पाहिलं आहे ना.

मंदाला मी सगळं सांगितलं. बारा वर्षांची आहे, आता समजतं तिला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोठी आई, सखारामबुवाले आपल्या घरी जेवाले काऊन नाही बोलावलं कधी?" मग तीच उठून बोलवायला गेली. परत येऊन निरोप सांगितला, येतो म्हणाले, पण भाकर मऊ कर म्हणाले, दात राहिले नाहीत.

काल तो जेवायला आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मंदानं पाट मांडला, तिनंच वाढलं. मऊ भाकर, मेथीची भाजी, वरण. जेवता जेवता त्यानं तिला तुझी गोष्ट सांगितली, मला कधी न कळलेली. माझं काम गेलं त्या दोन महिन्यांतली. म्हणे एकदा कुणाची तरी बकरी तारेखालून छावणीत घुसली, थेट कॅन्टीनमध्ये गेली आणि बिस्किटांचे पुडे कागदासकट खाऊन टाकले. तू खराटा घेऊन मागं, तुझ्यामागं सखारामबुवा, त्याच्यामागं फाटकावरचा जवान. बकरी साहेबांच्या कचेरीत शिरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. साहेबांनी विचारलं, ही काय भानगड? आणि तू धापा टाकत सॅल्यूट ठोकलास. आयुष्यात पहिल्यांदा, तोही डाव्या हातानं, कारण उजव्या हातात खराटा होता. म्हणालीस, "साहेब, हिचं कार्डावर नाव नाही, अन् माल घेऊन गेली."

मंदा हसता हसता ठसकली. तिच्या नाकात वरण गेलं. सखारामबुवानं तिच्या पाठीवर थापटलं आणि स्वतःही बोळक्या तोंडानं हसत राहिला. तेरवीनंतर पहिल्यांदा मी पोट धरून हसले.

"मंग?" मंदा म्हणाली. "साहेब काय म्हणाले?"

"सांगतो. आधी अजून अर्धी भाकर आण."

परातीतल्या भाकरी संपल्या होत्या. मी चुलीकडे गेले, तवा ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.